खांद्याची धडक न्याय्य केव्हा? गेलिक फुटबॉलविषयीच्या एका प्रश्नाचे उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण दोन वर्षांपासून डब्लिनमध्ये नोकरीला आहात. आपल्या कार्यालयात डब्लिन आणि मेयो या दोन्ही काउंटींचे लोक आहेत आणि २०२१ च्या अखिल आयर्लंड गेलिक फुटबॉल स्पर्धेच्या उपांत्य सामन्यातील एका धडकेवरून त्यांच्यात अजूनही वाद पेटतो. डब्लिनचे समर्थक तिला कडक पण रास्त म्हणतात, मेयोचे समर्थक उघड फाउल म्हणतात, आणि पुरावा म्हणून दोघेही तीच चित्रफीत दाखवतात. आपण शाळेत असताना कबड्डी खेळलेले आहात, त्यामुळे अंगाला अंग भिडण्याचे आपल्याला वावडे नाही. पण इथे नेमके काय चालते आणि काय चालत नाही, हे आपल्याला उमगत नाही. आता आपला तेरा वर्षांचा मुलगा इथल्या क्लबमध्ये खेळू लागला आहे आणि त्याचे प्रशिक्षक त्याला ‘खांदा वापर’ असे सांगतात, म्हणून हे समजून घेणे आपल्याला निकडीचे वाटते.

मी गेली सतरा वर्षे आयर्लंडमध्ये क्लब पातळीवर, आधी मुलांच्या आणि पुढे प्रौढांच्या सामन्यांत पंच म्हणून काम करत आहे. त्या अनुभवावरून मला असे वाटते की, आपल्या सहकाऱ्यांचा वाद खरे तर धडकेविषयी नाही. धडक दोघांनाही सारखीच दिसते. वाद आहे तो त्या धडकेआधीच्या दोन-तीन पावलांविषयी, आणि ती पावले बहुतेक प्रेक्षकांनी पाहिलेलीच नसतात, कारण त्यांची नजर चेंडूवर असते. टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला अडवून चेंडू हिरावण्याचा प्रयत्न, न्याय्य आहे की नाही, हे अंगाला अंग लागण्यापूर्वीच बहुतांशी ठरून गेलेले असते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, हे आधीच मान्य करतो. फेब्रुवारीत चिखल झालेल्या मैदानावर शेवटचे पाऊल घसरते आणि बाजूने येणारा खेळाडू समोरून आदळतो. पंच वीस मीटर मागे असेल तर त्याला दोघांमधला कोन दिसत नाही. काही पंच खेळ वाहू देतात, काही लवकर शिट्टी वाजवतात; हा फरक चांगल्या पंचांमध्येही असतो आणि सामन्याच्या पहिल्या दहा मिनिटांत खेळाडू तो ओळखून घेतात. नियमपुस्तकातील शब्द मात्र सर्वांसाठी एकच आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

गेलिक फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू असतात. चेंडू हातात घेऊन फार तर चार पावले चालता येते. त्यानंतर तो जमिनीवर टप्पा देऊन घ्यावा लागतो, किंवा पायाच्या चवड्याने उडवून पुन्हा हातात घ्यावा लागतो. म्हणजे चेंडू सतत हातात येत-जात असतो आणि बचाव करणाऱ्याला तो हिरावण्याची संधी मिळत राहते. नियमांनुसार टॅकलचे लक्ष्य चेंडू आहे, खेळाडू नव्हे. उघड्या तळहाताने चेंडूवर चापट मारून तो सोडवता येतो. आपले शरीर आडवे आणून वाट अडवता येते. पण हाताने धरणे, जर्सी ओढणे, ढकलणे, पाय घालणे आणि समोरून किंवा पाठीत धडकणे यांना मनाई आहे. जाणूनबुजून अंगाला अंग भिडवण्याचा एकच प्रकार मान्य आहे: कुशीला कूस लावून दिलेली खांद्याची धडक. तीही धडक देणाऱ्याचा किमान एक पाय जमिनीवर असताना, आणि समोरच्याच्या हातात चेंडू असेल, तो चेंडू खेळत असेल किंवा दोघेही चेंडू मिळवण्यासाठी त्याच्याच दिशेने जात असतील तेव्हाच.

कबड्डी खेळलेल्या माणसाला हे उलटे वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे पकड हीच बचावाची कला आहे. चढाईला आलेल्याचा घोटा धरणे, मांडीला मिठी घालणे, साखळी करून त्याला मागे खेचणे, हे सारे कौतुकाचे असते. इथे त्यातली प्रत्येक गोष्ट दंडनीय आहे, आणि कबड्डीतल्या बचावपटूच्या अंगवळणी नसलेली एक गोष्ट, म्हणजे शेजारी धावत खांद्याने समोरच्याचा तोल काढणे, तेवढी मान्य आहे. मराठीत ‘खांद्याला खांदा लावून’ असे आपण सहकार्याविषयी म्हणतो. गेलिक फुटबॉलमध्ये लढतीचे सर्वांत प्रामाणिक रूप शब्दशः तेच आहे. दोघेही एकाच दिशेने धावत असतात, दोघांनाही एकमेकांची चाहूल असते, दोघेही अंग घट्ट करून धडकेसाठी तयार असतात, म्हणून ही धडक मोठी वाटली तरी सहसा इजा करत नाही. पाठीत किंवा समोरून बसणाऱ्या धडकेत ही तयारी करायला अवधी मिळत नाही, किंवा दोघांचे वेग एकमेकांच्या विरुद्ध असल्याने आघात फार वाढतो. नियमामागचे कारण मला हेच वाटते.

माझ्या पहिल्या हंगामातील एक प्रसंग सांगतो, कारण त्याने मला पंचगिरी शिकवली. चौदा वर्षांखालील मुलांचा सामना होता, संध्याकाळ पावसाळी होती. एक किरकोळ अंगाचा बचावपटू कडेने धावणाऱ्या मुलाच्या बरोबरीने आला आणि त्याने असा काही खांदा मारला की, ओल्या गोणीवर काठी बसावी तसा आवाज झाला. चेंडूवाला मुलगा रेषेबाहेर पडला, पालक ओरडले आणि मी शिट्टी वाजवली. मध्यंतरात गोलपंचाचा पांढरा कोट घातलेले एक वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ आले आणि शांतपणे म्हणाले, “तुम्ही आवाजाला दंड दिलात. त्या मुलाने सगळे बरोबर केले होते.” त्यांचे म्हणणे खरे होते. पुढे माझ्या लक्षात आले की, न्याय्य टॅकलला आवाज असतो आणि पुष्कळसे खरे फाउल मुके असतात. धावणाऱ्याच्या जर्सीला चिमटीत धरलेली बोटे, चेंडू उंच असताना मनगटावर ठेवलेला हात, परतणाऱ्याच्या वाटेत हळूच आडवा घातलेला गुडघा यांचा गॅलरीपर्यंत काहीच आवाज येत नाही. त्या मुलावर माझ्याकडून अन्याय झाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ मी विसरलेलो नाही. कारण त्याला जे शिकवले गेले होते ते त्याने अचूक केले आणि त्याबद्दलच त्याला दंड झाला.

तेव्हापासून मी चेंडूवाल्याकडे कमी आणि टॅकल करायला येणाऱ्याकडे अधिक पाहतो. त्याची पावले कोणत्या दिशेने आहेत? तो समोरच्याच्या शेजारी येण्यासाठी वळसा घेतो आहे, की सरळ रेषेत त्याच्या छातीवर चालून येतो आहे? शेवटच्या पावलाला तो आखूड पावले टाकून स्वतःला सावरतो आहे, की उडी घेण्यासाठी लांब झेप टाकतो आहे? त्याचा हात कुशीला चिकटलेला आहे, की कोपर बाहेर आले आहे? कोपर, मूठ किंवा डोके यांनी केलेला प्रहार हा लाल कार्डाचा विषय आहे; तिथे टॅकलचा प्रश्नच उरत नाही. आणि नजर कुठे आहे? नजर चेंडूवर असलेला खेळाडूही चूक करू शकतो. पण ज्याची नजर माणसावरच खिळलेली आहे, त्याच्याबाबत मी सावध होतो.

आता आपल्या सहकाऱ्यांच्या धडकेकडे येतो. १४ ऑगस्ट २०२१ रोजी डब्लिनमधील क्रोक पार्क या मैदानावर मेयोने जादा वेळेनंतर डब्लिनला ०-१७ विरुद्ध ०-१४ (पहिला आकडा गोलांचा, दुसरा गुणांचा) असे हरवले. त्याआधी २०१५ ते २०२० अशी सलग सहा अखिल आयर्लंड विजेतेपदे डब्लिनने मिळवली होती, त्यामुळे त्या सामन्यातील प्रत्येक क्षणाला मोठे वजन आले. त्यात डब्लिनच्या बचावपटूच्या धडकेने मेयोच्या ओवेन मॅक्लॉक्लिनचा जबडा मोडला, आणि पंचांनी फाउल दिला नाही. डब्लिनच्या बाजूने असे म्हणता येते की, चेंडू मॅक्लॉक्लिनजवळ होता आणि धडक खांद्यानेच दिली गेली. हे दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत आणि ते नाकारून चालणार नाही. तरीही माझा कौल मेयोच्या बाजूने आहे. माझ्या पाहण्यात दोघांची धाव समांतर नव्हती. ती धडक कुशीला कूस लागून न होता पुढच्या बाजूने आणि वर बसली. मी शिट्टी वाजवली असती. अर्थात मी ती दृश्ये घरी बसून, पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. मैदानावरच्या पंचाला ती एकदाच, एकाच कोनातून दिसली.

मात्र मेयोच्या समर्थकांचा एक युक्तिवाद मला मान्य नाही, आणि तो आपणही ऐकला असेल: जबडा मोडला, म्हणजे फाउल होताच. दुखापत हा फाउलचा पुरावा नाही. नियमात बसणाऱ्या धडकेने कधी बरगडीला मार लागतो, आणि अत्यंत घाणेरड्या फाउलनंतर कधी खेळाडू हसत उठतो. परिणामावरून निर्णय देणारा पंच लवकरच मोठ्याने कळवळणाऱ्या खेळाडूंच्या हातातले बाहुले होतो. खेळाडू जखमी झाला तर खेळ थांबवून वैद्यकीय मदत बोलावणे हे वेगळे कर्तव्य आहे, आणि डोक्याला मार लागला असेल तेव्हा ते इतर सर्व गोष्टींच्या आधी येते.

चित्रफितीविषयी एक सावधगिरी. दृश्य संथ गतीने पाहिले की प्रत्येक धडक हेतुपूर्वक वाटते, कारण खेळाडूला विचार करायला भरपूर वेळ मिळाला होता, असा भास होतो. प्रत्यक्षात तो वेळ अर्ध्या सेकंदाचाही नसतो. म्हणून दृश्य आधी पूर्ण वेगाने, धडकेच्या तीन सेकंद आधीपासून पाहावे आणि धडक होताच थांबवावे. ही एवढी पद्धत पाळली, तरी आपल्या सहकाऱ्यांचे अर्धे मतभेद मिटतील, असे मला वाटते.

टॅकलच्या वादातला दुसरा प्रकार म्हणजे अनेकांनी मिळून एकाला घेरणे. नियम याला आडकाठी करत नाही; चेंडूवाल्याला एकाहून अधिक खेळाडू टॅकल करू शकतात. २००३ च्या उपांत्य सामन्यात टिरोन काउंटीने केरी काउंटीला असेच घेरले आणि ०-१३ विरुद्ध ०-६ असे हरवले, तेव्हा केरीचे माजी खेळाडू आणि दूरचित्रवाणीवरील समीक्षक पॅट स्पिलेन यांनी त्या खेळाला ओकारी आणणारा फुटबॉल म्हटले. ते विशेषण टिरोनच्या लोकांना आजही झोंबते. पंचाच्या दृष्टीने अवघड भाग असा की, चार जणांच्या घोळक्यात एखादा हात नक्कीच चेंडूऐवजी बाहूवर पडलेला असतो आणि त्याच वेळी चेंडूवाल्याची चार पावलेही पूर्ण झालेली असतात. एका बाजूचे प्रेक्षक ‘फाउल’ म्हणून ओरडतात, दुसऱ्या बाजूचे ‘स्टेप्स’ म्हणून, आणि दोघेही बरोबर असतात. माझा नेम असा आहे की, आधी जे घडले त्याचा दंड आधी द्यायचा. बाहू धरल्यामुळे पावले जास्त झाली असतील तर फाउल बचाव करणाऱ्याचा. चेंडूवाला स्वतःहून घोळक्यात शिरून अडकला असेल आणि हात चेंडूवरच असतील तर चूक त्याची.

त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात टिरोन आणि आर्मा हे शेजारी आमनेसामने आले. एकाच प्रांतातील दोन संघ अंतिम सामन्यात खेळण्याची ती पहिलीच वेळ होती. अखेरच्या मिनिटांत आर्माचा स्टीव्हन मॅक्डॉनल गोलजवळ मोकळा झाला आणि त्याने पाय उचलला; इतक्यात टिरोनच्या कॉनर गॉर्मलीने झेप घेऊन दोन्ही हात चेंडूवर आणले आणि किक बुटाजवळच अडवली. टिरोनने ०-१२ विरुद्ध ०-९ अशा फरकाने पहिलेवहिले विजेतेपद मिळवले. मुलांना टॅकल शिकवायची असेल तर मी आधी हे दृश्य दाखवतो. त्यात माणसाला इजा करण्याचा लवलेश नाही, आणि तरीही बचावाचा याहून निर्णायक क्षण मला दुसरा माहीत नाही. आर्माच्या माणसालाही त्यात खोट काढता येत नाही.

याच्या नेमके उलट आहे ते हिशेबीपणे केलेले फाउल. ऑगस्ट २०१३ मध्ये मोनाहनचा कॉनर मॅकमॅनस गोलकडे निघाला असताना टिरोनच्या शॉन कॅव्हानाने त्याला धरून खाली ओढले. त्यात धडक नव्हती, रक्त नव्हते, इजा नव्हती. तेव्हाच्या नियमानुसार फक्त पिवळे कार्ड मिळाले आणि टिरोन सामना जिंकला. देशभर वादळ उठले. अशा हिशेबी फाउलसाठीचे काळे कार्ड याच घटनेमुळे आले, असे आपल्याला अनेकजण सांगतील, पण तो ठराव त्याच वर्षी मार्चमध्ये संमत झालेला होता. अंमल १ जानेवारी २०१४ पासून झाला. आधी काळे कार्ड मिळालेल्याच्या जागी बदली खेळाडू येत असे. २०२० पासून तो संघ दहा मिनिटे एका खेळाडूवाचून खेळतो. २०२५ मध्ये डब्लिनचे माजी प्रशिक्षक जिम गॅव्हिन यांच्या समितीच्या सूचनांवरून आलेल्या नियमांनी आणखी एक पाऊल टाकले: फाउल झालेला खेळाडू न थांबता लगेच पुढे धावू शकतो, आणि प्रतिस्पर्ध्याने चेंडू परत द्यायला टाळाटाळ केली किंवा पंचाशी हुज्जत घातली तर फ्री किकची जागा पन्नास मीटर पुढे जाते. मला हे बदल मनापासून आवडतात, कारण त्यांनी कडक खेळ मऊ केला नाही. खेळ मोडून होणारा फायदा मात्र कमी केला. माझ्या लेखी कॅव्हानाचे ते ओढणे कोणत्याही गडगडाटी खांद्यापेक्षा खेळाला अधिक घातक होते. तो खेळाडू म्हणून फार थोर होता, आणि त्याने तेव्हाच्या नियमांत जे परवडत होते ते केले. म्हणूनच नियम बदलणे आवश्यक होते.

आता वैराविषयी. आपण विचारले आहे की, ही माणसे पक्षपाती आहेत म्हणून त्यांचे मत सोडून द्यावे का. माझे उत्तर नाही असे आहे. इथे काउंटीचा संघ विकत घेता येत नाही. खेळाडू बहुधा आपल्या जन्मगावच्या क्लबकडून आणि आपल्या काउंटीकडून खेळतो, त्यासाठी पगार घेत नाही, आणि रविवारी क्रोक पार्कवर खेळून सोमवारी शाळेत शिकवायला किंवा गोठ्यात कामाला जातो. त्यामुळे त्याला बसलेली धडक प्रेक्षकाला घरातल्या माणसाला बसल्यासारखी वाटते. तरीही ब्याऐंशी हजारांच्या त्या मैदानावर दोन्ही बाजूंचे लोक शेजारी शेजारी बसतात. त्यांना वेगळे ठेवणारे कुंपण नसते. १९९१ मध्ये डब्लिन आणि मीथ यांच्यातील एकाच फेरीचा निकाल लागायला चार सामने खेळावे लागले आणि शेवटी मीथ एका गुणाने जिंकले. ते सामने अतिशय कडक होते. पण त्या लढतीविषयी आज दोन्हीकडचे लोक अभिमानाने बोलतात. माझ्या अनुभवात न्याय्य धडकेची जाण सर्वांत जास्त असते ती या कट्टर समर्थकांनाच. स्वतःच्या खेळाडूविषयी बोलताना ती थोडी झाकोळते, एवढेच. म्हणून सहकाऱ्यांना तिसऱ्याच दोन काउंटींच्या सामन्यातले दृश्य दाखवून मत विचारून पाहा. त्यांचे एकमत किती लवकर होते, हे पाहून आपल्याला आश्चर्य वाटेल.

क्लब पातळीवर हे वैर अधिक तिखट असते, कारण तिथे प्रतिस्पर्धी हा रस्त्यापलीकडचा शेजारी असतो. अशा सामन्यात मी पहिला स्पष्ट फाउल, तो किती का किरकोळ असेना, सोडून देत नाही. तो सोडला तर पुढच्या पाच मिनिटांत दुसरी बाजू हिशेब चुकता करते, आणि तेव्हा मात्र तो किरकोळ राहिलेला नसतो.

शेवटी आपल्या मुलाविषयी. बारा वर्षांखालील मुलांना इथे गुणतक्त्याविना, स्पर्धेच्या दडपणाशिवाय खेळवतात. तेराव्या वर्षी ती अचानक खऱ्या सामन्यांत येतात, आणि त्याच वयात एकाच संघातल्या दोन मुलांच्या वजनात वीस किलोंचा फरक असू शकतो. ‘खांदा वापर’ हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. प्रशिक्षकांना विचारा की, खांद्याआधी पावले शिकवली आहेत का: शेजारी कसे यायचे, आखूड पावलांनी तोल कसा सावरायचा, चेंडूवाल्याच्या बाजूचा हात चेंडूवर कसा न्यायचा. तितकेच महत्त्वाचे म्हणजे धडक घ्यायची कशी, हेही शिकवले पाहिजे. चेंडू दूरच्या हाताकडे, गुडघे किंचित वाकलेले, मान ताठ. घरी अंगणात आपण स्वतः त्याच्या शेजारी चालत, मग हळू धावत, खांद्याला खांदा लावून सराव करू शकता. कबड्डीमुळे आपल्याला तोल म्हणजे काय हे ठाऊक आहेच. फक्त हात आवरावे लागतील. आणि दातांवरचे रबरी संरक्षक कवच घातल्याशिवाय त्याला मैदानात पाठवू नका. ते सरावालाही बंधनकारक आहे. ते गरम पाण्यात मऊ करून त्याच्या दातांवर नीट बसवून घ्या, कारण सैल बसलेले कवच मुले पहिल्याच मध्यंतरात काढून मोज्यात खोचतात.